नगरसेवकाच्या गैरवर्तनाविरुद्ध तक्रार : कायदेशीर मार्ग व मर्यादा (नंदुरबार जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

भारतीय राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने नागरी स्थानिक स्वराज्य संस्थांना घटनात्मक दर्जा प्राप्त करून दिला. ही दुरुस्ती १ जून १९९३ पासून अंमलात आली. नळाचे पाणी, गटार, दिवाबत्ती, रस्ता, जन्म-मृत्यूचा दाखला अशा दैनंदिन गरजांसाठी सामान्य नागरिकाचा ज्या शासनाशी संबंध येतो ते शासन म्हणजे नगरपरिषद होय आणि त्या शासनाचा सर्वांत जवळचा चेहरा म्हणजे प्रभागातील नगरसेवक. आमदार वा खासदार वर्षातून एखाद्या वेळी दिसतात. नगरसेवक मात्र त्याच गल्लीत राहतो, त्याच लग्नकार्यात भेटतो व त्याच दुकानावर उभा असतो. ही जवळीक स्थानिक स्वराज्याचे बळ आहे. परंतु त्याच्या वर्तनाविषयी तक्रार करण्याची वेळ येते तेव्हा हीच जवळीक नागरिकाची सर्वांत मोठी अडचण ठरते.

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. नंदुरबार, नवापूर, शहादा व तळोदा येथे नगरपरिषदा असून धडगाव येथे नगरपंचायत आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ असून त्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. साक्षरतेचे प्रमाण ६४.३८ टक्के असून ते राज्यात सर्वांत कमी होते. अहिराणी, भिली, पावरी, मावची, गुजरी अशा बोलींत व्यवहार करणाऱ्या नागरिकाला आपले गाऱ्हाणे बोलून दाखविता येते. मात्र तेच गाऱ्हाणे प्रमाण मराठीत, कायद्याच्या भाषेत आणि योग्य अधिकाऱ्याच्या नावे लिहिणे त्याला कठीण जाते. १९७० च्या दशकातील शहादा परिसरातील आदिवासी शेतमजुरांच्या चळवळीने या भागात जाब विचारण्याची परंपरा निर्माण केली. ती परंपरा कागदोपत्री तक्रारीत कशी उतरवावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

मुदत संपूनही निवडणुका न झाल्यामुळे राज्यातील बहुतांश नगरपरिषदांचा कारभार काही वर्षे प्रशासकांच्या हाती होता. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला व डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषद निवडणुका पार पडल्या. सभागृहे पुन्हा लोकप्रतिनिधींच्या हाती आल्याने या विषयाला व्यावहारिक महत्त्व प्राप्त झाले आहे.

उद्दिष्टे व पद्धती

१) नगरसेवकाच्या कोणत्या वर्तनाविरुद्ध कोणाकडे तक्रार करता येते, हे स्पष्ट करणे.
२) तक्रारीसाठी आवश्यक पुरावा मिळविण्याचे मार्ग सांगणे.
३) तक्रारदाराच्या अधिकारांच्या मर्यादा व त्याला मिळणारे संरक्षण यांची चर्चा करणे.

लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून अधिनियम व न्यायनिर्णय यांचा आधार घेतला आहे.

तक्रारीचे वर्गीकरण

नगरसेवकाविरुद्धच्या बऱ्याच तक्रारी निष्फळ ठरतात. त्यांतील आशय खोटा असतो असे नाही. अनेकदा त्या चुकीच्या दारावर ठोठावलेल्या असतात. 'आमचा नगरसेवक भ्रष्ट आहे, त्याच्यावर कारवाई व्हावी' असा अर्ज मुख्याधिकाऱ्यांकडे दिला जातो. मुख्याधिकारी हे नगरपरिषदेचे प्रशासकीय प्रमुख असले तरी निवडून आलेल्या सदस्याला पदावरून दूर करण्याचा अधिकार त्यांना नाही. अर्ज फाइलीत जातो आणि अर्जदार निराश होतो. म्हणून तक्रार लिहिण्यापूर्वी ती पुढीलपैकी कोणत्या प्रकारात मोडते हे ठरविणे आवश्यक आहे.

(अ) अपात्रता : महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ च्या कलम १६ मध्ये सदस्यत्वासाठीच्या अपात्रता दिल्या आहेत, तर पदावर असताना उद्भवणाऱ्या अपात्रतेची तरतूद कलम ४४ मध्ये आहे. नगरपरिषदेच्या कामात वा ठेक्यात स्वतः, पती-पत्नी वा भागीदार यांच्यामार्फत प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असणे, नगरपरिषदेची थकबाकी न भरणे, १२ सप्टेंबर २००१ नंतर दोनपेक्षा अधिक अपत्ये होणे, स्वतः वा पती-पत्नी वा अवलंबित व्यक्तीने अनधिकृत बांधकाम करणे, असे बांधकाम पाडण्यास अडथळा आणणे, परवानगीवाचून सलग सहा महिने सभांना गैरहजर राहणे ही त्यांतील महत्त्वाची कारणे होत. कलम ४४ खालील निर्णयाचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे आणि ते 'कोणत्याही व्यक्तीच्या' अर्जावरून किंवा स्वतःहून निर्णय देऊ शकतात. सामान्य नागरिकाच्या दृष्टीने ही सर्वांत महत्त्वाची तरतूद होय. अर्ज करण्यासाठी पक्ष, पद वा वकील असण्याची अट नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या निर्णयाविरुद्ध १५ दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येते.

(आ) कर्तव्यातील गैरवर्तन वा लज्जास्पद वर्तन : याची तरतूद कलम ४२ मध्ये आहे. अशा सदस्याला पदावरून दूर करण्याचा अधिकार राज्य शासनास आहे. शासन स्वतःहून अथवा नगरपरिषदेच्या शिफारशीवरून ही कार्यवाही करते. येथे नागरिकाचा अर्ज म्हणजे शासनाला दिलेली माहिती असते. ती जिल्हाधिकारी कार्यालयातील नगरपालिका प्रशासन शाखेमार्फत नगरविकास विभागाकडे पाठविणे इष्ट ठरते. नगराध्यक्षाविषयी तक्रार असेल तर कलम ५५-अ ची तरतूद लागू होते.

(इ) राखीव जागा व जात वैधता : नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यात या प्रकाराला विशेष महत्त्व आहे. राखीव जागेवर निवडून आलेल्या सदस्याने विहित मुदतीत जात वैधता प्रमाणपत्र सादर करणे कलम ९-अ नुसार बंधनकारक आहे. ही मुदत केवळ औपचारिक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले. राज्याने वेळोवेळी मुदतवाढीच्या तरतुदी केल्या असल्याने संबंधित निवडणुकीस कोणती मुदत लागू होती, हे तपासूनच अर्ज करावा.

(ई) लाचखोरी व अन्य गुन्हे : दाखल्यासाठी, नळजोडणीसाठी वा घरकुलाच्या यादीत नाव घालण्यासाठी पैसे मागणे हा भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ खालील गुन्हा होय. तक्रार लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे करावी. त्यासाठी १०६४ हा निःशुल्क क्रमांक आहे. शिवीगाळ, मारहाण वा धमकी यांची तक्रार पोलीस ठाण्यात द्यावी. अनुसूचित जाती वा जमातीच्या व्यक्तीचा जातीवरून सार्वजनिक अपमान झाल्यास १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक अधिनियम लागू होऊ शकतो. मात्र त्याच जाती-जमातींच्या व्यक्तीविरुद्ध तो लागू होत नाही, हे ध्यानात ठेवावे.

(उ) नाराजी : नगरसेवक फोन उचलत नाही, प्रभागात फिरकत नाही, विरोधकांच्या गल्लीत काम करीत नाही, या बाबी क्लेशदायक असल्या तरी त्या सहसा अपात्रतेच्या कारणांत बसत नाहीत. त्यांवर सेवेसंबंधीचा अर्ज मुख्याधिकाऱ्यांकडे देणे, लोकशाही दिनात प्रश्न मांडणे आणि पुढील निवडणुकीत मताने उत्तर देणे हेच उपाय उरतात. निवडणुकीच्या वैधतेसंबंधीचा आक्षेप मात्र निकाल राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून १० दिवसांत निवडणूक याचिकेद्वारे जिल्हा न्यायाधीशांपुढेच मांडावा लागतो.

नगरसेवक 'लोकसेवक' आहे काय ?

या प्रश्नाचा न्यायालयीन इतिहास उद्बोधक आहे. रमेश बाळकृष्ण कुलकर्णी विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९८५) या खटल्यात नगरसेवक हा भारतीय दंड संहितेच्या कलम २१ च्या अर्थाने लोकसेवक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते. त्याचा आधार घेऊन बचाव केला जात असे. राजस्थानातील बांसवाडा येथील नगरसेवकाच्या प्रकरणात, मनीष त्रिवेदी विरुद्ध राजस्थान राज्य (२०१३), न्यायालयाने १९८८ च्या अधिनियमातील 'लोकसेवक' या संज्ञेची व्याप्ती अधिक असल्याचे सांगून नगरसेवक सार्वजनिक कर्तव्य पार पाडतो, म्हणून तो या अधिनियमाच्या कक्षेत येतो, असा निर्णय दिला. 'नगरसेवक काही सरकारी नोकर नाही, त्याच्यावर लाचेची केस होत नाही' हा गावगप्पांतील समज त्यामुळे निराधार ठरतो.

लाच देणाऱ्यानेही सावध राहणे आवश्यक आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणे हाही गुन्हा आहे. मात्र ज्याला लाच देण्यास भाग पाडले गेले त्याने सात दिवसांत तपास यंत्रणेस कळविल्यास त्याला संरक्षण मिळते.

पुरावा : एक काल्पनिक उदाहरण

विषय स्पष्ट होण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. एका प्रभागात उन्हाळ्यात सिमेंट काँक्रीटचा रस्ता झाला आणि पहिल्याच पावसाळ्यात तो उखडला. ठेका नगरसेवकाच्या भावाला मिळाल्याची चर्चा आहे. रहिवासी संतप्त आहेत. या स्थितीत 'नगरसेवकाने रस्ता खाल्ला' असा अर्ज दिला तर तो टिकणार नाही. कायद्यात स्वतः, पती-पत्नी व भागीदार यांचा उल्लेख आहे. भावाच्या नावावर ठेका असणे एवढ्यावरून अपात्रता आपोआप सिद्ध होत नाही. नगरसेवकाचा त्या कामात अप्रत्यक्ष हितसंबंध होता, उदाहरणार्थ भागीदारी होती वा कामाची रक्कम त्याच्या खात्यात आली, हे दाखवावे लागते. त्या ठेक्याच्या ठरावावर त्याने मतदान केले काय, हेही तपासावे लागते.

यासाठी माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ उपयोगी पडतो. १० रुपये शुल्क भरून नगरपरिषदेच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीस शुल्क माफ आहे. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा व १५० शब्दांच्या मर्यादेत असावा. वरील उदाहरणात पुढील कागदपत्रे मागणे योग्य ठरेल : संबंधित सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त व ठराव, अंदाजपत्रक, निविदा व तुलनात्मक तक्ता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका आणि अदा केलेली देयके. या अधिनियमाखाली कामाची पाहणी करण्याचा व साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार आहे. उखडलेल्या रस्त्याच्या बाबतीत हा अधिकार शंभर घोषणांपेक्षा मोलाचा ठरतो. ३० दिवसांत माहिती न मिळाल्यास पुढील ३० दिवसांत प्रथम अपील आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे द्वितीय अपील करता येते.

ज्याला लिहिता येत नाही अशा व्यक्तीची तोंडी विनंती लेखी स्वरूपात उतरवून घेण्यास सर्व वाजवी साहाय्य करणे, हे या अधिनियमाने जन माहिती अधिकाऱ्यावर सोपविलेले कर्तव्य आहे. जिल्ह्यातील साक्षरतेचे प्रमाण पाहता या तरतुदीचा प्रसार महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेमार्फत होणे उपयुक्त ठरेल.

तक्रार अर्जाची रचना

परिणामकारक अर्ज सहसा दोन पानांपेक्षा मोठा नसतो. प्रारंभी अधिकाऱ्याचे पदनाम, विषय व ज्या कलमाखाली अर्ज आहे ते कलम लिहावे. त्यानंतर घटना तारीखवार मांडाव्यात : काय घडले, कोठे घडले, कोण उपस्थित होते. प्रत्येक विधानासमोर जोडपत्राचा क्रमांक द्यावा. स्वतः पाहिलेले आणि ऐकीव यांत स्पष्ट भेद करावा. शेवटी नेमकी मागणी लिहावी. 'कठोर कारवाई व्हावी' यापेक्षा 'कलम ४४ अन्वये चौकशी होऊन निर्णय व्हावा' ही मागणी अधिक नेमकी होय. अर्जावर नाव, पत्ता व स्वाक्षरी असावी, कारण निनावी अर्जांवर सहसा कार्यवाही होत नाही. अर्ज टपाल शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांकासह पोच घ्यावी. पोच नसेल तर पुढील पाठपुराव्याला आधारच उरत नाही.

दर महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी तालुका स्तरावर व पहिल्या सोमवारी जिल्हा स्तरावर लोकशाही दिन भरतो. नागरी सेवांविषयीचा प्रलंबित प्रश्न तेथे मांडता येतो. मात्र न्यायप्रविष्ट वा अपिलातील प्रकरणे तेथे स्वीकारली जात नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांपुढील अर्जावर दीर्घकाळ निर्णय न झाल्यास मुंबई उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) खंडपीठापुढे रिट याचिकेद्वारे कालबद्ध निर्णयाची मागणी करता येते.

ग्रामपंचायत सदस्यांबाबतची तरतूद

जिल्ह्यातील बहुसंख्य जनता ग्रामीण असल्याने या बाबीचा थोडक्यात उल्लेख आवश्यक आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ मधील अपात्रतेचा निर्णय कलम १६ नुसार जिल्हाधिकारी करतात. तर कलम ३९ खालील गैरवर्तनाच्या प्रकरणात जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या यंत्रणेकडून चौकशी होऊन निर्णय विभागीय आयुक्त, नाशिक यांच्याकडे जातो. नवापूर, तळोदा, अक्कलकुवा व अक्राणी हे तालुके आणि नंदुरबार व शहादा तालुक्यांतील काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. तेथे पेसा कायद्याने ग्रामसभेला दिलेले अधिकार लक्षात घेता, अर्ज करण्यापूर्वी ग्रामसभेत प्रश्न विचारून तो इतिवृत्तात नोंदवून घेणे हा पहिला टप्पा मानता येईल.

तक्रारीच्या मर्यादा : न्यायालयांची भूमिका

तक्रारदाराने एक गोष्ट समजून घेणे आवश्यक आहे. निवडून आलेल्या सदस्याला दूर करणे म्हणजे त्याला निवडून देणाऱ्या मतदारांचाही निर्णय रद्द करणे होय. म्हणून न्यायालये या बाबतीत काटेकोर राहिली आहेत. तरलोचन देव शर्मा विरुद्ध पंजाब राज्य (२००१) या निर्णयात एखादी तुरळक चूक म्हणजे अधिकाराचा दुरुपयोग नव्हे, असे सांगितले गेले. रायगड जिल्ह्यातील उरण नगरपरिषदेच्या नगराध्यक्षांना २००९ मध्ये पदावरून दूर करण्यात आले होते. रवी यशवंत भोईर विरुद्ध जिल्हाधिकारी, रायगड (२०१२) या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. अशा आदेशामागे कारणे नोंदविलेली असावीत, गैरवर्तन सिद्ध झालेले असावे, आणि तक्रारदार हा माहिती देणारा असतो, सूडाने लढणारा पक्षकार नव्हे, हे या निर्णयाचे सार होय.

जळगाव जिल्ह्यातील विचखेडे येथील प्रकरण अधिक बोलके आहे. तेथील महिला सरपंच सरकारी जागेवरील घरात राहतात, या आरोपावरून त्यांना अपात्र ठरविण्यात आले होते. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दिलासा दिला. एक स्त्री सरपंच झाली हे गावातील काहींना पचले नाही, अशी दखल घेऊन, ग्रामीण भागातील निर्वाचित स्त्रीला पदावरून हटविणे ही किरकोळ बाब मानता येणार नाही, असे न्यायालयाने बजावले. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत स्त्रियांसाठी ५० टक्के आरक्षण आहे. आदिवासी व स्त्री प्रतिनिधींच्या या जिल्ह्यात तक्रारीचा कायदा दुर्बल नागरिकाचे साधन व्हावा. दुर्बल प्रतिनिधीला खाली खेचण्याचे हत्यार होऊ नये. पतीने सभागृहाचा कारभार हाकणे ही तक्रारीची बाब जरूर आहे. पण त्या तक्रारीचा रोख पत्नीच्या पदाकडे न वळता पतीच्या हस्तक्षेपाकडे असणे न्यायोचित ठरेल.

तक्रारदाराचे संरक्षण

अधिकारी व्यक्तीकडे सद्भावनेने केलेला आरोप बदनामी ठरत नाही, असा अपवाद पूर्वीच्या भारतीय दंड संहितेत होता व तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये कायम आहे. हा अपवाद योग्य प्राधिकाऱ्यापुढील तक्रारीसाठी आहे. तोच मजकूर व्हॉट्सअॅपच्या गटांवर फिरविल्यास या अपवादाचा आश्रय मिळेलच असे नाही. याउलट, हेतुपुरस्सर खोटी माहिती लोकसेवकाला देणे हा कलम २१७ खालील गुन्हा आहे.

कायद्याचे संरक्षण असले तरी भीती खरी आहे. जानेवारी २०१० मध्ये तळेगाव दाभाडे येथे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची हत्या झाली. यास्तव एकट्याने लढण्यापेक्षा प्रभागातील अनेक रहिवाशांनी सामूहिक स्वाक्षरीने अर्ज करणे, कागदपत्रांच्या प्रती दोन-तीन ठिकाणी ठेवणे व धमकी आल्यास त्याच दिवशी पोलिसांत लेखी नोंद करणे हितावह ठरते.

अन्यत्रची व्यवस्था

केरळने स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी स्वतंत्र लोकपालाची यंत्रणा २००० च्या सुमारास निर्माण केली असून निर्वाचित सदस्यांविरुद्धच्या तक्रारी तेथे एकाच ठिकाणी मांडता येतात. इंग्लंडमध्ये २०११ च्या कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक परिषदेला सदस्यांसाठी आचारसंहिता स्वीकारावी लागते आणि तक्रारीवर निर्णय घेण्यापूर्वी स्वतंत्र व्यक्तीचे मत विचारात घ्यावे लागते. महाराष्ट्रातील नागरिकाला मात्र अपात्रता, गैरवर्तन, लाच व गुन्हा यांसाठी वेगवेगळ्या दारांवर जावे लागते. पदावरून दूर करणे ही टोकाची शिक्षा आणि काहीच न करणे, यांच्या मधली पायरी या व्यवस्थेत दुबळी आहे. ताकीद, जाहीर दिलगिरी वा समितीतून काही काळ वगळणे अशा मधल्या उपायांचा विचार होणे आवश्यक आहे.

समारोप

नगरसेवकाविरुद्धची तक्रार तीन गोष्टींवर उभी राहते : योग्य कलम, योग्य अधिकारी व कागदी पुरावा. यांपैकी एकाची जरी उणीव राहिली तरी न्याय्य गाऱ्हाणेही फाइलीत पडून राहते. कलम ४४ मधील 'कोणतीही व्यक्ती' हे शब्द नवापूरच्या हातगाडीवाल्याला आणि धडगावच्या मजूर स्त्रीला जितके लागू आहेत तितकेच शहरातील सुशिक्षिताला. मात्र या शब्दांचा लाभ घेण्यासाठी लागणारे साक्षरतेचे बळ जिल्ह्यात समप्रमाणात वाटले गेलेले नाही. ही दरी भरून काढण्याचे काम महाविद्यालये, ग्रंथालये व विधी सेवा प्राधिकरणे यांनी अंगावर घेतल्यास उखडलेल्या रस्त्याविषयीचा राग इतिवृत्ताच्या प्रतीत, मोजमाप पुस्तिकेच्या पानात आणि पोच घेतलेल्या अर्जात उतरू शकेल. त्याच गल्लीत राहणाऱ्या नगरसेवकाशी शेजारधर्म राखूनही त्याला जाब विचारता येतो, हा विश्वास रुजणे हेच स्थानिक लोकशाहीचे खरे यश होय.